विजेचा जमाखर्च मांडणारा मुद्रक

बेंजामिन फ्रँकलिन म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोन चित्रे येतात. एक, अमेरिकेच्या शंभर डॉलरच्या नोटेवरचा, पुढे टक्कल आणि मागे खांद्यापर्यंत केस असलेला म्हातारा. दुसरे, ऐन वादळात पतंग उडवणारा गृहस्थ. पहिले चित्र आम्हा कॉमर्सच्या मुलांचे आणि दुसरे सायन्सच्या मुलांचे, अशी वाटणी शाळेपासूनच झालेली असते. मला मात्र या माणसाविषयी कुतूहल वाटू लागले ते तिसऱ्याच कारणाने. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत लोखंड कापणारे, कातणारे, भोके पाडणारे कोणतेही यंत्र पाहा. त्याच्या अंगाला नटबोल्टाने एक तार किंवा पट्टी आवळलेली असते. ती भिंतीवरून बाहेर जाते आणि जमिनीत शिरते. कामगार तिला अर्थिंग म्हणतात. ही तार यंत्र चालवत नाही, प्रकाश देत नाही, माल वाढवत नाही. नफ्यातोट्याच्या पत्रकात तिचे नाव सापडणार नाही. या निरुद्योगी दिसणाऱ्या तारेचा पूर्वज जगात प्रथम ज्याने जमिनीत रोवला, तो ना प्राध्यापक होता, ना इंजिनिअर. तो छापखाना चालवणारा, वह्या लिहिणारा, उधारी वसूल करणारा व्यापारी होता. तेव्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्याने त्याचे चरित्र लिहिले तर सायन्सच्या मित्रांनी रागावू नये.

फ्रँकलिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे झाला. अमेरिका त्या वेळी इंग्रजांची वसाहत होती. बाप मेणबत्त्या व साबण बनवून विकत असे. घरात सतरा मुले. त्यांत हा पंधरावा, आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. एवढ्या खटल्यात शाळेला पैसा कुठून येणार? जेमतेम दोन वर्षे शाळा झाली आणि दहाव्या वर्षी पोराच्या हाती मेणबत्त्यांच्या वाती आल्या. त्या दोन वर्षांतही गणितात तो नापासच झाला होता. पुढे सोळाव्या वर्षी त्याची त्यालाच लाज वाटली, तेव्हा अंकगणिताचे पुस्तक आणून त्याने ते एकट्याने पुरे केले. आमच्या वर्गात अकाउंट्सला घाबरणारे जे कोणी आहेत, त्यांच्यासाठी ही नोंद मुद्दाम करतो.

बाराव्या वर्षी बापाने त्याला थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात उमेदवार म्हणून करार करून बांधून टाकले. करार वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतचा. खिळे जुळवता जुळवता हा मुलगा वाचू लागला. सोळा वर्षांचा असताना एका विधवा बाईच्या नावाने त्याने भावाच्याच वर्तमानपत्रासाठी पत्रे लिहिली आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. पत्रे लोकांना आवडली. लेखक कोण हे कळल्यावर भावाला मात्र ती आवडेनाशी झाली. भाऊ तापट होता, हात उगारी. शेवटी १७२३ साली, सतरा वर्षांचा असताना, फ्रँकलिन करार मोडून पळाला आणि फिलाडेल्फियाला पोचला. खिशात नाव घेण्यासारखे काही नव्हते. मध्ये दीडेक वर्ष लंडनच्या छापखान्यांत राबून तो परतला, आणि १७२८ साली भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. पुढल्याच वर्षी त्याने एक वर्तमानपत्र विकत घेतले. १७३० साली डेबोरा रीड हिच्याशी त्याने संसार थाटला. ही बाई दुकान सांभाळी, पुस्तिका दुमडून शिवी, कागदासाठी चिंध्या विकत घेई. दुकानात कागद आणि शाई तर मिळेच, पण साबणही मिळे.

१७३२ पासून त्याने जे पंचांग छापायला सुरुवात केली, त्याने त्याला खरा पैसा मिळवून दिला. आपल्याकडे जसे घरात दुसरे पुस्तक नसले तरी पंचांग असते, तसेच त्या वसाहतीतही होते. या काळातील त्याच्या हिशेबाच्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. हिशेबावर त्याची श्रद्धाच होती. दक्षिणेकडील चार्ल्सटन गावी त्याने एका भागीदाराला छापखाना काढून दिला होता. तो भागीदार शिकलेला, पण हिशेब धड देत नसे. तो वारल्यावर त्याची बायको एलिझाबेथ टिमथी हिने काम हाती घेतले. ती हॉलंडमध्ये वाढलेली, आणि तिथे मुलींना जमाखर्च शिकवत. तिने मागचा सारा घोळ निस्तरला, दर तिमाहीला चोख हिशेब पाठवला आणि पुढे तो छापखानाच विकत घेतला. यावरून मुलींना गाण्यानाचण्यापेक्षा जमाखर्च शिकवणे हिताचे, असे मत फ्रँकलिनने आत्मचरित्रात नोंदवून ठेवले. आमच्या वर्गातल्या मुली अकाउंट्समध्ये आमच्या पुढे असतात, तेव्हा मला या बाईंची आठवण होते.

१७४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने धंद्यातून अंग काढून घेतले. छापखाना भागीदाराकडे सोपवला आणि अठरा वर्षे नफ्याचा वाटा घेण्याचा करार केला. या रिकाम्या वेळात त्याने काय केले, हाच या चरित्राचा गाभा आहे.

विजेशी त्याची ओळख तशी आधीच झाली होती. त्या काळी वीज म्हणजे करमणूक होती. काचेची नळी घासायची, तिने पिसे उचलायची, पोराला रेशमी दोरीने टांगून त्याच्या नाकातून ठिणगी काढायची, असे खेळ पैसे घेऊन दाखवत. १७४३ च्या सुमारास फ्रँकलिनने असा एक खेळ पाहिला. पुढे लंडनमधील पीटर कॉलिन्सन या कापडव्यापाऱ्याने फिलाडेल्फियाच्या वाचनालयाला एक काचेची नळी भेट पाठवली. हे वाचनालय फ्रँकलिननेच वर्गणी जमवून काढलेले. त्याच सुमारास युरोपात लायडेनची बाटली निघाली. काचेच्या बाटलीला आतून व बाहेरून धातूचा पत्रा लावला की तिच्यात वीज साठवता येई, आणि आतले व बाहेरचे अंग एकदम शिवणाऱ्याला जबर धक्का बसे. धक्का का बसतो, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. वीज दोन तऱ्हांची असते, काचेची एक आणि राळेची दुसरी, अशी विद्वानांची समजूत होती.

फ्रँकलिनने पाहिले ते दुकानदाराच्या नजरेने. (हे माझे मत आहे, चरित्रकारांनी मला दोष देऊ नये.) त्याने ठरवले की वीज एकच आहे. नळी घासली म्हणजे ती निर्माण होत नाही, फक्त इथली तिथे जाते. ज्याच्याकडे जास्त झाली तो अधिक, ज्याच्याकडून गेली तो उणा. बाटलीच्या आतल्या अंगावर जेवढी जमा, बाहेरच्या अंगावरून तेवढीच नावे. बेरीज पाहिली तर भरलेल्या बाटलीत रिकाम्या बाटलीपेक्षा एकूण वीज जास्त नसतेच! १७४७ मध्ये त्याने हे कॉलिन्सनला पत्राने कळवले. प्रत्येक नोंदीला दुसरी तेवढीच उलट नोंद हवी, ताळेबंद जुळलाच पाहिजे, हे आपण बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकतो. या माणसाने ते निसर्गाला लावून पाहिले, आणि निसर्गाची वही जुळली. अधिक आणि उणे हे विजेचे शब्द तेव्हापासूनचे आहेत. यात एक गंमत अशी की अधिक कोणते आणि उणे कोणते हे ठरवताना त्याने केवळ अंदाज बांधला. दीडशे वर्षांनी इलेक्ट्रॉन सापडला तेव्हा कळले की तारेतून प्रत्यक्ष धावणारा कण उणा आहे, आणि तो आपण काढतो त्या बाणाच्या उलट दिशेने जातो. जमेच्या बाजूला नावे लिहिले गेले. पण दोन्ही बाजू सारख्याच उलटल्या असल्यामुळे ताळेबंदात फरक पडला नाही, आणि जगाने ती चूक तशीच चालू ठेवली.

हे प्रयोग गंमतीचे असले तरी सुरक्षित नव्हते. १७५० च्या नाताळच्या सुमारास विजेच्या धक्क्याने टर्की पक्षी मारून मेजवानी करावी म्हणून त्याने दोन मोठ्या बाटल्या भरल्या. पाहुणे बोलत होते, याचे लक्ष चळले, आणि सगळी वीज त्याच्याच हातांतून व अंगातून गेली. आवाज पिस्तुलासारखा झाला म्हणतात. त्याला ना ठिणगी दिसली, ना आवाज ऐकू आला. काही वेळ शुद्धच हरपली होती. मारायला गेला पक्षी आणि वाट दिली स्वतःच्या शरीराने. त्या दिवसापासून शरीर ही विजेची एक वाट असू शकते, हे त्याला पुस्तकाबाहेर समजले.

त्याच्या मित्रमंडळातील थॉमस हॉपकिन्सन याला असे आढळले होते की टोकदार सळई विजेने भरलेल्या गोळ्यातली वीज दुरूनच गुपचूप काढून घेते, मात्र सळई हातात धरलेली किंवा जमिनीला जोडलेली हवी. फ्रँकलिनने हा धागा आभाळापर्यंत ताणला. आकाशातली वीज आणि बाटलीतली वीज एकच असेल, तर घरावर टोकदार लोखंडी सळई उभारून तिचे खालचे टोक जमिनीत का गाडू नये? ही कल्पना त्याने कॉलिन्सनला लिहिली. ती पत्रे १७५१ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाली. पुस्तकात दोन सळया सांगितल्या होत्या, आणि या दोहोंतला फरक समजणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. पहिली सळई प्रयोगाची. ती काचेवर किंवा राळेवर उभी करायची, म्हणजे ढगातली वीज जमिनीत न जाता सळईत साठेल आणि ठिणगी काढून पाहता येईल. दुसरी सळई रक्षणाची. ती थेट ओल्या मातीत जायची. पहिली वीज अडवून ठेवते, दुसरी तिला वाट करून देते.

पहिला प्रयोग फ्रान्समध्ये झाला. पॅरिसजवळच्या मार्ली गावी दालिबार याने चाळीस फुटी सळई दारूच्या बाटल्यांवर उभी केली होती. १० मे १७५२ रोजी मेघ गडगडले तेव्हा दालिबार गावात नव्हता. त्याच्या माघारी एका निवृत्त शिपायाने सळईतून ठिणग्या काढल्या. पतंग त्यानंतरचा. जून १७५२ मध्ये, फ्रान्सची बातमी पोचण्यापूर्वी, फ्रँकलिनने रेशमी रुमालाचा पतंग केला, त्याच्या शेंड्याला तार लावली, ताग्याची दोरी घेतली, दोरीच्या खालच्या टोकाला किल्ली आणि हातात धरायला रेशमी फीत. बरोबर होता फक्त मुलगा विल्यम. चित्रांत हा विल्यम लहान पोर दाखवतात, पण तो चांगला विशीतला होता. दुसरी दुरुस्ती अशी की पतंगावर वीज कोसळली नव्हती. कोसळली असती तर हे चरित्र इथेच संपले असते. ढगातल्या विजेने दोरीचे तंतू ताठ उभे राहिले, किल्लीला बोटाचे पेर लावताच ठिणगी उडाली, बाटली भरता आली, एवढेच. रेशमी फीत कोरडी राहावी म्हणून तो आडोशाला उभा होता. त्याचे नशीब थोर, हे मात्र कबूल केले पाहिजे.

सर्वांचे तसे नव्हते. रशियात सेंट पीटर्सबर्गला गेऑर्ग रिचमन नावाचे प्राध्यापक हाच विषय शिकत होते. त्यांनी छपरावरच्या सळईची तार घरात, खोलीत आणली होती आणि तिच्या टोकाशी वीज मोजण्याचे साधन ठेवले होते. तार जमिनीत गेलेलीच नव्हती. ६ ऑगस्ट १७५३ रोजी ढग आले. रिचमन घाईने घरी परतले, कारण आकडा पाहायचा होता. सोबत सोकोलोव्ह नावाचा नक्षीकार होता, चित्र काढण्यासाठी. रिचमन साधनावर वाकले आणि त्यातून निघालेला विजेचा लोळ त्यांच्या कपाळावर आदळला. ते जागीच गेले. सोकोलोव्ह बेशुद्ध पडला. दाराची चौकट उखडली, प्राध्यापकांच्या पायातला जोडा फाटला. वीज त्यांच्या कपाळातून शिरून पायांतून जमिनीत गेली होती. तारेने जे काम करायचे ते माणसाने केले. यंत्रशाळेतला प्रत्येक विजेचा अपघात मुळात हाच अपघात असतो.

फ्रँकलिनने आपल्या १७५३ च्या पंचांगात, सण-ग्रहणांच्या बरोबरीने, घरे विजेपासून वाचवण्याची कृती छापली. एक बारीक लोखंडी सळई घ्या. तिचे एक टोक ओल्या जमिनीत तीन-चार फूट जाऊ द्या, दुसरे घराच्या उंचात उंच भागाच्या वर सहा-आठ फूट राहू द्या. वरच्या टोकाला विणायच्या सुईएवढी जाड, फूटभर लांब, टोकदार पितळी तार बांधा. एवढेच. या शोधाचे त्याने पेटंट घेतले नाही. त्याआधी शेगडीच्या शोधाला गव्हर्नर होऊन मक्ता देत होता, तोही त्याने नाकारला होता. दुसऱ्यांच्या शोधांचा आपल्याला फायदा होतो, तर आपल्या शोधाचा दुसऱ्यांना का होऊ नये, असा त्याचा सरळ हिशेब. इतका चोख हिशेबी माणूस येथे मात्र पैसा सोडतो, याचे मला कौतुक वाटते.

त्याच १७५२ साली त्याने आणि त्याच्या गावकऱ्यांनी आगीपासून घरांचा विमा उतरवणारी परस्पर संस्था काढली. ती आजही चालू आहे. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची टोळी तर त्याने १७३६ मध्येच उभी केली होती. विम्याच्या पेपरात आम्ही जोखमीची वाटणी वाचतो, आणि जोखीम कमी करणे हे तिथे एका ओळीत उरकलेले असते. फ्रँकलिनने एकाच वर्षी दोन्ही बाजू हाती घेतल्या होत्या.

सळईचे वरचे टोक लोकांना दिसे, म्हणून भांडणे झाली ती वरच्या टोकावरून. फ्रँकलिनला स्वतःलाही प्रथम वाटले होते की टोकदार सळई ढग गुपचूप रिकामा करील आणि वीज पडणारच नाही. तसे होत नाही. सळईचा खरा उपयोग खालच्या टोकात आहे. वीज पडायची तिथे पडते, सळई तिला घराला न शिवता जमिनीत नेते. फिलाडेल्फियाच्या वेस्ट नावाच्या व्यापाऱ्याच्या घरावर अशी वीज पडली. पितळी टोक वितळले, घर सुरक्षित राहिले. पण खालची पहार अवघी चार-पाच फूट पुरलेली होती, आणि पावसाने भिजलेल्या फरसबंदीवर सळईच्या पायथ्याशी दोन-तीन यार्ड वीज पसरलेली एकाने पाहिली. म्हणजे जमिनीने ती पुरती गिळली नव्हती. पुढे फ्रँकलिनच्या सूचनांत खालच्या टोकाला महत्त्व आलेले दिसते. सळई ओलाव्यापर्यंत न्या, पायापासून सहा-आठ फूट दूर वळवा आणि मग पुन्हा खाली उतरवा. १७७२ साली इंग्लंडमधील पर्फ्लीटच्या दारूगोळ्याच्या कोठाराचे रक्षण कसे करावे हे ठरवण्यासाठी समिती नेमली गेली. फ्रँकलिन तिच्यात होता. समितीने कोठारांच्या टोकांशी विहिरी खणायला सांगितल्या, आणि त्यांत कायम चार फूट तरी पाणी राहील अशी अट घातली.

हे वाचले तेव्हा मला उद्यमबागेतला अर्थिंगचा खड्डा आठवला. आमच्याकडे तो असा करतात. खोल खड्ड्यात तांब्याची पाटी किंवा लोखंडी नळी उभी करायची, भोवती लाकडी कोळसा आणि मीठ यांचे थर द्यायचे, वर नरसाळे बसवून पाणी घालायची सोय ठेवायची. कोळसा ओल धरतो, मीठ त्या ओलीतून वीज वाहू देते. पावसाळ्यात बेळगावची माती चार महिने भिजलेली असते, तेव्हा कोणी विचारत नाही. एप्रिल-मेमध्ये तीच तांबडी माती विटेसारखी होते.

माझा आतेभाऊ आय. टी. आय. करून लोखंडी पत्रे कापण्याच्या एका शेडमध्ये काम करतो, आणि एका सुट्टीत मी तिथे व्हाउचरे लिहायला जात असे. प्लाझ्माने पत्रा कापणारे ते यंत्र. हवेचा झोत आणि विजेची ज्योत मिळून पोलाद लोण्यासारखे कापले जाते. ज्योत पेटवण्यासाठी यंत्र क्षणभर काही हजार व्होल्टची अतिशय जलद कंप पावणारी वीज सोडते. तिला नीट वाट मिळाली नाही तर ती शेजारच्या संगणकाच्या तारांत घुसते. पडद्यावरचे आकडे नाचतात, ज्योत भलतीकडेच वळते. म्हणून कापण्याच्या टेबलाला लागूनच सात-आठ फुटी तांब्याची सळई जमिनीत ठोकतात आणि जाड, आखूड तारेने टेबल तिला जोडतात. त्या शेडमधली ती जोडणी रंगावरच आवळलेली होती. रंगातून वीज जात नाही. खड्ड्याला उन्हाळाभर पाणी नव्हते. टेबलाला हात लागला की झिणझिण्या येतात, हे सगळ्यांना ठाऊक होते आणि त्यावर विनोदही होत. एके दिवशी ओल्या फडक्याने टेबल पुसणारा मदतनीस पोरगा फेकला गेला. मनगट मोडले, जीव वाचला. दुसऱ्या आठवड्यात माझ्यापुढे एक व्हाउचर आले: कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, मजुरी. ती रक्कम त्या शेडच्या महिन्याच्या चहाच्या बिलापेक्षा कमी होती. खर्च खाते, दुरुस्ती व देखभाल.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण फ्रँकलिनच्या सळईवरून पुष्कळांचा गैरसमज होतो. आभाळातल्या विजेला जमीन हेच घर आहे, ती मातीत गेली की काम संपले. यंत्राच्या विजेचे तसे नाही. ती खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून आलेली असते आणि तिथेच परत जाऊ पाहते. फ्रँकलिनच्याच नियमाप्रमाणे तिची वही तिथे जुळते. समजा यंत्रातल्या एका तारेचे आवरण जळाले आणि ती यंत्राच्या अंगाला टेकली. आता सबंध यंत्र २३० व्होल्टवर आले. अर्थिंगचा खड्डा चांगला असून त्याचा अडथळा पाच ओहम असला, तरी मातीतून जाणारा प्रवाह ४६ अँपिअरच होतो. यंत्राला ६३ अँपिअरचा फ्यूज असेल तर तो उडणारच नाही, आणि यंत्र तसेच जिवंत उभे राहील. म्हणून नुसता खड्डा पुरत नाही. यंत्राच्या अंगापासून वीजपुरवठ्याच्या अर्थपर्यंत धातूची अखंड, जाड वाट पाहिजे, म्हणजे प्रवाह इतका उसळतो की फ्यूज तत्क्षणी उडतो. माणसाच्या जिवासाठी त्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे स्वयंचलित बटण असावे. गेलेली आणि परतलेली वीज यांत तेवढाही फरक पडला की ते पुरवठा तोडते. हे बटण म्हणजे चोवीस तास बसलेला ऑडिटरच. यंत्राच्या चौकटीला अर्थच्या दोन स्वतंत्र जोडण्या हव्यात, ही अट आपल्या देशात १९५६ च्या वीज नियमांत घातली गेली, आणि नंतरच्या नियमांतही ती कायम आहे. एक निसटली तर दुसरी असावी म्हणून दोन.

आमचे प्राध्यापक अर्थ म्हणजे पैसा असे शिकवतात, मराठीच्या तासाला अर्थ म्हणजे आशय, वायरमनचा अर्थ म्हणजे जमीन, आणि शेजारच्या बाकावरचा कन्नड मित्र प्रत्येक धड्यानंतर विचारतो, अर्थ आय्ता? चारही अर्थ एका शेडमध्ये भेटलेले मी पाहिले ते असे.

फ्रँकलिनच्या आयुष्याची पुढची तीस-पस्तीस वर्षे राजकारणात गेली. ती इतिहासाच्या पुस्तकात आहेत, म्हणून मी भरभर सांगतो. १७५३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. त्याच वर्षी तो वसाहतींच्या टपाल खात्याचा उपप्रमुख झाला. बरीच वर्षे वसाहतींचा वकील म्हणून लंडनमध्ये राहिला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे, फ्रान्सशी झालेल्या १७७८ च्या तहावर आहे, इंग्लंडशी झालेल्या १७८३ च्या तहावर आहे आणि १७८७ च्या राज्यघटनेवरही आहे. या धामधुमीत सळईलाही राजकारण चिकटले. १७७७ साली पर्फ्लीटला वीज पडून किरकोळ नुकसान झाले, तेव्हा टोकदार सळयांच्या विरोधकांना जोर आला, आणि तिसऱ्या जॉर्ज राजाने बंडखोर फ्रँकलिनची टोके काढून बोथट गोळे बसवून घेतले. न्यू मेक्सिकोच्या डोंगरांवर गेल्या काही दशकांत झालेल्या प्रयोगांत किंचित बोथट सळयाच वीज अधिक झेलतात असे दिसले आहे. राजाने रागाने केलेले काही अंशी बरोबर निघाले. खालचे टोक मात्र दोन्ही पक्षांचे जमिनीतच होते.

त्याच्या वहीत नावेची बाजूही आहे. त्याच्या घरी गुलाम होते आणि त्याच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. म्हातारपणी मत पालटले. १७८७ मध्ये तो गुलामगिरीविरुद्धच्या संस्थेचा अध्यक्ष झाला, आणि मरणापूर्वी दोन महिने त्या संस्थेचा अर्ज त्याच्या सहीने काँग्रेसपुढे गेला. चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस १७३६ मध्ये देवीने गेला. त्याला टोचून घेतले नाही ही खंत जन्मभर राहिली. पतंगाच्या वेळी सोबत असलेला विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला आणि स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूला राहिला. बापलेकांचे तुटले ते कायमचे. डेबोरा १७७४ मध्ये वारली, तेव्हा नवरा दहा वर्षांपासून समुद्रापार होता. त्याने घरातल्या सळईला घंटा बांधल्या होत्या, ढगात वीज असली की त्या आपोआप वाजत. त्या बिचारीला त्यांची भीती वाटे. घंटा बंद कशा करायच्या हे त्याने तिला लंडनहून पत्राने कळवले होते.

१७८५ साली तो फ्रान्सहून फिलाडेल्फियाला परतला. घराची डागडुजी करताना सळई खाली काढली, तर तिचे नऊ इंची तांब्याचे टोक जवळजवळ सगळे वितळून गेलेले. तो परदेशी असताना केव्हातरी घरावर वीज पडून गेली होती आणि घराला ओरखडाही नव्हता. पेटंट न घेतलेल्या शोधाची त्याला मिळालेली ही वसुली.

१७ एप्रिल १७९० रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. अंत्ययात्रेला वीस हजारांच्या आसपास लोक होते. मृत्युपत्राला आदल्या वर्षी जोडलेल्या पुरवणीत त्याने बोस्टन आणि फिलाडेल्फिया या शहरांना हजार-हजार पौंड ठेवले होते. अट अशी की ही रक्कम पंचविशीच्या आतल्या, उमेदवारी पुरी केलेल्या, लग्न झालेल्या कारागिरांना पाच टक्के व्याजाने धंद्यासाठी कर्जाऊ द्यायची, फेड दहा हप्त्यांत, आणि व्याजावर व्याज चढत दोनशे वर्षे जाऊ द्यायची. चक्रवाढ व्याजाचे याहून लांबचे उदाहरण आमच्या पुस्तकात नाही. १९९० साली मुदत संपली तेव्हा फिलाडेल्फियाच्या खात्यावर वीस लाखांहून अधिक डॉलर होते आणि बोस्टनच्या खात्यावर पन्नास लाखांच्या घरात. बोस्टनच्या पैशातला पहिल्या शंभर वर्षांचा वाटा आधीच काढून त्या शहराने तंत्रशिक्षणाची एक शाळा बांधली. ती १९०८ साली उघडली. तिथे इतर कसबांबरोबर वायरमनचे कामही शिकवतात.